दोन चुलींचा चहा

नागपूर शहरातील तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, गेल्या मंगळवारी दुपारपासून ह्या शहरात मला "वसंतराव, केस म्हणजे किस्सा नव्हे" असे बजावणारी एकही व्यक्ती शिल्लक राहिलेली नाही. तरी सर्वांनी आपापल्या जबाबदारीवर सावध राहावे.

इंदूताई, ही सूचना वाचून तुम्ही चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला असता आणि विचारलं असतं, झाला का प्रवेश, आता मुद्द्यावर या. येतो. मुद्दा असा की तुम्ही गेलात आणि मला हायसं वाटलं. थांबा, पुरतं ऐकून घ्या. दुपारचं जेवण झालं, वर्तमानपत्र घेऊन आरामखुर्चीत टेकलात, आणि भाचीनं हाक मारली तोवर तुम्ही निघून गेला होतात. चष्मासुद्धा जागच्या जागी. मी धावत आलो, तुमच्याकडे पाहिलं, आणि रडू यायच्या आधी आठवलं ते तुमचं एकमेव भय. मरणाचं नव्हे. अंथरुणाला खिळून राहण्याचं, आणि ताज्या ताज्या शिकून आलेल्या एखाद्या मुलीनं पलंगाशी स्टूल ओढून "आज कसं वाटतंय आपल्याला" असं विचारण्याचं. "वसंत, मी कुणाची केस होणार नाही," असं तुम्ही अधूनमधून जाहीर करायचात, जणू तो तुमच्या हातातला निर्णय होता. नाही झालात. सुटलात. मग मी रडलो, व्यवस्थित, खिशातला रुमाल पुरला नाही इतका.

शोकसभेत तुमचं फार वाईट झालं. एकानं तुम्हाला सेवाभावी म्हटलं, दुसऱ्यानं ममतेची मूर्ती. सेवा हा शब्द ऐकला की तुमच्या कपाळावर जी आठी पडायची ती मला समोरच्या फोटोत उमटल्याचा भास झाला. तुम्ही मायाळू नव्हता हो. तुम्ही हट्टी होता, शिस्तीच्या होता, खादीच्या साडीला इस्त्री करून वस्त्यांमधून सायकल चालवायच्या, आणि चूक कळली की ती अशी दुरुस्त करायच्या की बघणाऱ्याची बोबडी वळावी. पण तसं सांगायचं तर गोष्ट सांगावी लागते, आणि गोष्ट सांगायला तुमची बंदी. त्या घराची परवानगी नाही, म्हणायचात.

ताई, परवानगी मिळाली. सभा संपल्यावर रंजना भेटली. आपली रंजू. टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला आहे, माझ्यापेक्षा उंच झाली आहे. मी तिला विचारलं, लिहू का ते सगळं, नावं बदलून लिहीन. ती म्हणाली, "काहून बदलता काका? आजी असती तं तिनं मोठ्या अक्षरात लिवा म्हनलं असतं. फक्त मले बिचारी करू नका."

म्हणून लिहितो. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण ऐका. मी सांगताना तुम्ही अडवणार नाही ही संधी पुन्हा कधी मिळायची?

महालातल्या एका दवाखान्याच्या माडीवर आपलं कुटुंब सल्ला केंद्र होतं. दोन खोल्या, एक पंखा, आणि तो पंखा तुमच्या खोलीत. तुम्ही पुण्याहून रीतसर शिक्षण घेऊन आलेल्या. मी महालातच वाढलेला, बोलघेवडा, हौशी नाटकांतून कामं करणारा, आणि गल्ल्या पाठ असल्यामुळे तुमचा मदतनीस नेमलेला. सुरुवातीला तुम्ही लहानथोर सगळ्यांना "आपण" म्हणायचात. लोकांना वाटायचं, बाई कोर्टातून आल्या. मी म्हटलं, ताई, इकडे बाईशी बोलताना 'वं' लावतात, जरा जवळीक वाटते. तुम्ही मनापासून शिकलात, आणि दुसऱ्या दिवशी मिशीवाल्या हमालाला म्हणालात, "कसे आहात वं?" तो माणूस पुढे कितीतरी दिवस तुम्हाला पाहिलं की पदर घेतल्यासारखा गमछा डोक्यावर ओढायचा.

रंजूचं प्रकरण त्यानंतरचं, सत्तरच्या आगेमागे. आठ वर्षांची मुलगी सक्करदऱ्याच्या तलावाकाठी दिवसभर एकटी बसलेली पोलिसाला सापडली. घर कुठे, सांगेना. भूक लागली का, तर मान हलवून नाही. तिला रिमांड होममध्ये ठेवलं आणि बालन्यायालयाच्या मॅजिस्ट्रेटसाहेबांनी आपल्या केंद्राला विचारलं, ह्या पोरीला परत पाठवण्याजोगं घर आहे का, पाहून सांगा. नसेल तर ती बालगृहात जाणार होती, मोठी होईपर्यंत.

घर होतं गिरणीच्या मागच्या वस्तीत. एकच खोली, आणि त्या खोलीत दोन चुली. डावीकडची गयाबाईची, म्हणजे रंजूच्या आजीची. उजवीकडची शेवंताची, म्हणजे आईची. गयाबाईचा मुलगा, शेवंताचा नवरा, भिलाईला कामाला गेला आणि तिथलाच झाला. सासू म्हणे, सुनेच्या जिभेनं गेला. सून म्हणे, आईच्या लाडानं गेला. त्यावरून चुली वेगळ्या, माठ वेगळे, भांडी वेगळी, आणि बोलणं बंद. म्हणजे एकमेकींशी बंद. निरोप जायचे रंजूकडून. तीन हातांवर बसलेली सासू म्हणायची, रंजे, सांग तुया मायले, दोरीवरचे कपडे काढ म्हना. आणि त्याच तीन हातांवरून उत्तर यायचं, रंजे, सांग तुया आजीले, डोळे हायेत मले. पोरगी मध्ये उभी राहून दोन्हीकडचं ऐकायची आणि दोन्हीकडे पोचवायची. आजीकडे जेवली की आई उपाशी निजायची, आईकडे जेवली की आजी. शेवटी पोरीनं हिशेब केला असावा, आणि तलावावर जाऊन बसली.

हे आपल्याला नंतर कळलं. पहिल्या भेटीत कळलं काहीच नाही, कारण पहिल्या भेटीत तुम्ही दिग्विजय केलात.

दाराशी सायकली टेकवून आपण आत गेलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला ताजा हार. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर, शेणानं सारवलेलं, लख्ख. आपण बसतो न बसतो तोच दोन्ही बाजूंनी पाणी आलं. डावीकडून पितळी पेला, उजवीकडून काचेचा ग्लास. आणि मागोमाग दोन्ही चुलींवर आधण चढलं. तुम्ही पुण्याच्या शुद्ध स्वरात म्हणालात, "नको, आपण तसदी घेऊ नये. आम्ही कामावर असताना कुठल्याच घरी काही घेत नाही."

मला आत्ता तुमची बाजू मांडू द्या, कारण ती मांडण्यासारखी होती. तुम्हाला शिकवलं होतं की ज्यांचं भांडण सोडवायचं त्यांच्याकडून घोटभर पाणीही घेऊ नये, मन झुकतं. शिवाय गरिबाच्या घरचं दूध आपल्या चहात कशाला? तुमच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण त्या खोलीत ते वाक्य दुसरंच होऊन पडलं.

गयाबाईनं पेला खाली ठेवला. "घेत नाई, का आमच्या घरचं घेत नाई?"

तुम्ही नियम समजावून सांगितलात. शांतपणे, मुद्देसूद. जितका नीट समजावत गेलात तितका तो वाईट ऐकू येत गेला. मी डोळ्यांनी खुणा करत होतो, पण माझ्याकडे बघतंय कोण? शेवटी उजव्या चुलीपाशी शेवंता उठून उभी राहिली. आवाज अजिबात न चढवता म्हणाली, "नियम तं पयले बी होताच, बाई."

मग, कित्येक महिने एका दिशेला तोंड न केलेल्या त्या दोघी खांद्याला खांदा लावून दारापर्यंत आल्या, आपल्याला बाहेर घालवायला. मी शेवटचा प्रयत्न म्हणून गयाबाईला म्हटलं, मावशी, मी तर परवा घर शोधायला आलो तेव्हा तुमच्याकडे दोन कप चहा प्यालो. झालं. शेवंता म्हणाली, "मंग तुमी आत्याबाईचेच मानूस. जा तुमी बी."

तुम्ही नियमानं बुडालात, मी चहानं बुडालो.

वाटेत मला हसू आवरेना. म्हटलं, ताई, सासूसुनेचं एकमत झालं, केस बंद करा. तुम्ही सायकलवरून उतरलात. रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलात, गिरणीचा भोंगा होऊन माणसं सुटत होती, आणि तुमचा चेहरा असा की मीही सायकलवरून उतरलो. तुम्ही म्हणालात, "वसंत, तिनं मला काय समजलं हे कळलं का तुला?" मी म्हटलं, कळलं, पण तुम्ही तशा नाही. तुम्ही म्हणालात, "मी कशी आहे ह्याचा त्या ग्लासाला काय उपयोग?"

केंद्राचे सचिव, निवृत्त गृहस्थ, संध्याकाळी म्हणाले, घर सहकार्य करत नाही असं कळवून टाका. त्यांच्या दृष्टीनं प्रश्न मिटला होता. तसं कळवलं असतं तर रंजू गेली असती. तुम्ही म्हणालात, सहकार्य मी केलं नाही, त्यांनी केलं होतं, पेल्यातून आणि ग्लासातून. सचिव म्हणाले, मग उद्या जाऊन चहा प्या. तुम्ही विचारलंत, कुणाचा? आणि तिथेच तर मेख होती. न पिणं म्हणजे दोघींचा अपमान. एकीचा पिणं म्हणजे दुसरीशी वैर. मी सुचवलं, आळीपाळीनं. तुम्ही म्हणालात, पहिली पाळी कुणाची?

तो वाद आपण दोन दिवस घातला. मला अजून वाटतं मीच जिंकत होतो.

तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तुम्ही उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहिलात. दारांत शेजारणी जमल्या. तुम्ही गयाबाईला म्हणालात, "परवा मी नाही म्हटलं. ते ह्या घरात कसं ऐकू येईल ह्याचा विचार केला नव्हता. चुकलं माझं. आज मी चहा प्यायला आले आहे." मग शेवंताकडे वळून तेच, शब्दही न बदलता, पुन्हा. एकदा म्हणून दोघींना भागवलं नाहीत. मला तेव्हा ते नाटकी वाटलं होतं. आज वाटतं, अख्ख्या वस्तीत तेवढं हिशेबी बोलणं कुणी केलं नसेल.

दोन्ही चुली पेटल्या. खोलीत इतका धूर की बुद्धाची तसबीर दिसेना. दोन कप आले. गयाबाईचा गुळाचा, कोरा, काळाभोर. शेवंताचा बकरीच्या दुधाचा, साखर घातलेला. दोन्ही एकाच क्षणी तुमच्या पुढ्यात. शेजारणी श्वास धरून. तुमचा उजवा हात कुठल्या कपाकडे जातो यावर वस्तीचं पुढच्या वर्षाचं बोलणं ठरणार होतं.

तुम्ही माझ्याकडे न बघता हात पुढे केलात. "वसंत, डबा."

मी पिशवीतला माझा जेवणाचा डबा दिला. तुम्ही त्याचं झाकण काढलंत, पालथ्याचं सुलटं केलंत आणि दोन्ही कप दोन्ही हातांनी एकदम त्यात ओतलेत. कुणाचं भांडं नाही, कुणाची पाळी नाही. काय डोकं, मी मनात म्हणतो आहे, तोवर झाकणात गुळानं दूध फाटलं. पांढऱ्या गाठी तरंगायला लागल्या. तुम्ही पाहिलंत. मी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. आणि तुम्ही ते तोंडाला लावून घोट घोट करत, चेहऱ्यावरची रेघ न हलवता, तळापर्यंत प्यायलात. ताई, मी रंगमंचावर विष प्यालो आहे, तलवारीनं मेलो आहे. असा अभिनय मला जन्मात जमला नाही.

 मग शेवंता सासूकडे वळून म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या गुळानं फाटला."

"तुया बकरीच्या दुधानं फाटला वं. पावण्याच्या चहात बकरी घालते का कोनी?"

"मंग गूळ घालते का?"

आणि जुंपली. समोरासमोर, डोळ्याला डोळा भिडवून. गुळावरून बकरीवर, बकरीवरून भिलाईवर, तिथून लग्नातल्या मानपानावर. शेवंता रडली, गयाबाई रडली, मध्येच दोघी तुम्हाला विचारायच्या, बरं वाटून राहिलं ना बाई, ओकारी तं नाई येत? मी उठून समजूत घालायला लागलो तर तुम्ही माझा शर्ट मागून ओढलात आणि कानात म्हणालात, "खाली बस. निरोप बंद झाले."

तिथे मला काही समजलं नाही. सायकलवर समजलं.

तुम्ही पुढे आयुष्यभर सांगत राहिलात की चहाचा काही संबंध नाही. त्यांचं भांडण मिटवायचं नाहीच, फक्त पोरीला मधून काढायचं, हे मी आधीच ठरवलं होतं, म्हणायचात. मी म्हणायचो, ठरवलं तुम्ही, केलं गुळानं. ह्या वादाचा निकाल लागला नाही. नव्या मुलामुलींना मी ही गोष्ट सांगू नये म्हणून तुम्ही ताकीद दिलीत, तरी एकाला मी सांगितलीच. तो पठ्ठ्या दिसेल त्या घरी दिसेल ते एकत्र करून प्यायला आणि आठवडाभर आजारी पडला. तुम्ही मला खोलीत बोलावलंत. "दुसऱ्या घरी दुसरं काही असतं, वसंतराव. तिथं पुन्हा पहिल्यापासून मूर्ख व्हावं लागतं." हे मात्र तुमचं बरोबर होतं. तुमच्या हयातीत कबूल केलं नाही, कारण मग तुम्ही पंख्याखाली बसून हसला असतात, आणि तुमचं हसू मला फार महाग पडायचं. आता म्हणतो. बरोबर होतं. हवं तर पंचवीस माणसांत सांगून टाकीन, सचिवांच्या फोटोसमोरसुद्धा.

तारखेच्या आदल्या दिवशी आपलं शेवटचं मोठं भांडण झालं. मी म्हटलं, दोघींना पढवून नेऊ. साहेब विचारतीलच, घरात भांडणं होतात का. नाही म्हणा, असं सांगू. एका शब्दाचा प्रश्न आहे आणि पोरीचं आयुष्य आहे. तुम्ही म्हणालात, पढवायचं नाही. मी म्हटलं, खरं बोलल्या तर पोर जाईल. तुम्ही म्हणालात, खोटं बोलून राहिली तर पुन्हा तिलाच ते खोटं सांभाळावं लागेल. मी रागावून निघून गेलो.

सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात तुम्ही बाकावर बसला होतात, इस्त्रीची साडी, ताठ पाठ, आणि पदराचं टोक दातांत. मी तुम्हाला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. शेजारी जाऊन बसलो. तुम्ही म्हणालात, "मी चुकले असेन तर, वसंत?"   रिमांड होमच्या बाईचं बोट धरून रंजू आली. आजी आणि आई एकाच बाजूला उभ्या आहेत हे तिनं पाहिलं आणि कोणाकडे बघायचं हे न कळून जमिनीकडे बघितलं.

वाचणाऱ्यांच्या जिवाला घोर नको म्हणून आधीच सांगतो. रंजू त्याच दुपारी घरी गेली, आजीच्या कडेवर, आठ वर्षांची घोडी, पाय जमिनीला लागत होते. व्हरांड्यात तुम्ही भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिलात, इतका वेळ की काच झिजावी. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला तो आजवर पुन्हा चढलेला नाही. तुम्ही गेलात त्या दिवशीही नाही.

पण ते झालं कशानं? तुमच्या अहवालानं नाही, माझ्या युक्तीनं तर नाहीच. आत साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि गयाबाईला तोच प्रश्न विचारला, सासूसुनेचं अजून भांडण होतं का. मी डोळे मिटले. शेवंतानं सासूचा हात धरला. तुम्ही समोर बघत होतात. आणि कुणी अडवायच्या आत, कुणी न पढवलेली गयाबाई भर न्यायालयात बोलून गेली:

"भांडतो ना साहेब, रोज भांडतो. पन आता आमचं आमी भांडतो, पोरीच्या तोंडून नाई."